मुळांचें देणें

हिवाळ्यांतील पहांटे हरभऱ्याच्या शेतांत स्वच्छ पांढरें फडकें झाडांवरून फिरवावें, दंवानें तें भिजलें म्हणजे भांड्यांत पिळून घ्यावें, आणि ही आंब बाटलींत भरून अजीर्णावर किंवा पोटदुखीवर औषध म्हणून ठेवावी, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. हरभऱ्याच्या शेतांतून अनवाणी चालणाऱ्याच्या पायांना जी चुणचुण लागते, ती या आंबेचीच. रसायनशास्त्रज्ञांनीं तिचें पृथक्करण केलें तेव्हां तींत मुख्यत्वें मॅलिक व ऑक्झॅलिक हीं दोन अम्लें आढळलीं. पानांवरील सूक्ष्म केसांतून तीं पाझरतात व दंवांत मिसळतात.

पानांचें हें पाझरणें आपल्याला दिसतें, चाखतां येतें. परंतु हरभऱ्याचें मूळहि असेंच पाझरत असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तेथें सायट्रिक व मॅलोनिक हीं अम्लें आसपासच्या मातींत उतरतात. गोष्ट एकट्या हरभऱ्याचीहि नव्हे. गहूं, जोंधळा, कापूस, अंगणांतील तुळस, यांपैकीं कोणतीहि वनस्पति घेतली तरी तिचीं जिवंत मुळें अहोरात्र कांहीं ना कांहीं बाहेर सोडीत असतात. साखरा, अम्लें, प्रथिनांचे घटक, बुळबुळीत डिंकासारखे पदार्थ आणि अत्यल्प प्रमाणांत अनेक विलक्षण द्रव्यें असा हा पाझर असतो.

संस्कृतांत वृक्षाला 'पादप' म्हणतात. पायांनीं पितो तो पादप. शब्द सुंदर आहे, यथार्थहि आहे. परंतु त्यांत मुळांचें अर्धेंच चरित्र सांगितलें आहे. मूळ पितें, तसें तें देतेंहि; आणि पुष्कळदां आधीं दिल्यावांचून त्याला पितां येत नाहीं. हें देणें कशासाठीं, कोणाला, आणि त्याचा लाभ-हानीचा हिशेब काय, हें पाहणें मोठें मनोरंजक आहे. शेतकऱ्याच्या संसाराशीं तर त्याचा अगदीं प्रत्यक्ष संबंध आहे.

संगमरवरावरील नक्षी

मूळ आपल्या भोंवतालच्या पदार्थांवर कांहीं क्रिया करतें, याचा एक डोळ्यांना दिसणारा पुरावा ज्यूलियस साक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८६० च्या सुमारास दिला. त्यानें घोटून गुळगुळीत केलेल्या संगमरवराच्या तुकड्यावर ओली वाळू पसरून तींत बीं पेरलें. मुळें खालीं वाढत जाऊन दगडाला भिडलीं व त्यावरून पसरलीं. पुढें दगड धुऊन पाहतां, जेथें जेथें मुळें टेकलीं होतीं तेथें तेथें त्यांचा आंखीव ठसा उमटलेला दिसला. मुळांच्या श्वसनानें निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायु पाण्यांत विरघळला म्हणजे सौम्य अम्ल बनतें. त्यानें, आणि मुळांतून येणाऱ्या इतर अम्लांनीं, संगमरवराचा पृष्ठभाग खाल्ला जातो.

हा प्रयोग घरच्या मुलांना सहज करतां येण्यासारखा आहे. कुंडीच्या तळाशीं घोटलेल्या संगमरवराचा एक तुकडा तिरपा ठेवावा, त्यावर चार बोटें बारीक वाळू घालावी आणि मका किंवा घेवडा पेरून पाणी घालीत जावें. दोन-तीन आठवड्यांनीं तुकडा धुऊन उजेडाकडे तिरका धरला असतां पुसट रेषांची जाळी दिसूं लागते. तुकडा मात्र संगमरवराचाच हवा; इतर फरश्यांवर अम्लाचा असा परिणाम होईलच असें नाहीं.

मिळकतीचा केवढा हिस्सा?

मुळें देतात ती रक्कम किरकोळ असती तर तिची फारशी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. ती मोजण्याची एक युक्ति अशी : झाडाला पेटींत कोंडून किरणोत्सर्गी कार्बन असलेला वायु पानांकडून घेववावा. त्या कार्बनापासून पान जें अन्न तयार करील त्याला जणूं खूण लागलेली असते. मग तें अन्न कोठें कोठें जातें याचा उपकरणांनीं माग काढावा. अशा रीतीनें धान्यपिकांवर केलेल्या अनेक मापनांवरून असें दिसतें कीं, पानांनीं मिळविलेल्या कार्बनापैकीं सुमारें २० ते ३० टक्के हिस्सा जमिनीखालीं पाठविला जातो. त्यांतील सुमारें निम्मा मुळांच्या घडणींत राहतो, सुमारें तिसरा हिस्सा वायुरूपानें निघून जातो, आणि उरलेला मातींत व तींतील सूक्ष्म जंतूंच्या शरीरांत जमा होतो.

याचा लाभ प्रथम जंतूंना मिळतो. लोरेंझ हिल्टनर या जर्मन संशोधकानें १९०४ सालीं मुळांलगतच्या मातीच्या पातळ थराला 'ऱ्हायझोस्फिअर' असें नांव दिलें. आपण त्याला 'मूलपरिसर' म्हणूं. हा थर बहुधा एक-दोन मिलिमीटर जाडीचाच असतो. परंतु बाहेरच्या मातीच्या मानानें त्यांत जंतूंची संख्या दसपट, कधीं त्याहूनहि अधिक भरते. बाहेरची माती म्हणजे जंतूंच्या दृष्टीनें बहुतेक ओसाड माळ, आणि मूलपरिसर म्हणजे ऐन बाजारपेठ. येथें सावकार आहेत, हमाल आहेत, पहारेकरी आहेत आणि खिसेकापूहि आहेत.

या बाजारांत निवड कशी होते, याचें एक परिचित उदाहरण कडधान्यांच्या मुळांवरील गांठींचें आहे. या गांठींतील जंतु हवेंतील नत्र बांधून झाडाला देतात हें हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं जाहीर केलें. पण मातींतील असंख्य जंतूंतून नेमके हेच जंतु मुळाशीं कसे येतात? पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, १९८६ सालीं, लसूणघासाच्या बाबतींत याचा उलगडा झाला. त्या झाडाकडून ल्युटिओलिन नांवाचें एक द्रव्य पाझरतें. त्या द्रव्यामुळें त्या विशिष्ट जंतूंच्या अंगीं सुप्त असलेलीं, गांठ बनविण्याच्या कामाचीं जनुकें जागीं होतात. निरनिराळ्या कडधान्यांचीं बोलावण्याचीं द्रव्यें निरनिराळीं असतात. म्हणून एकाचें आमंत्रण दुसऱ्याच्या पाहुण्याला सहसा पोंचत नाहीं.

तुरीची किल्ली

आमच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाचें उदाहरण तुरीचें आहे. जोंधळ्याच्या ओळींमधून तुरीची ओळ पेरण्याची पद्धति दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तूर आरंभीं सावकाश वाढते. तिच्यामुळें जोंधळ्याला अडचण होत नाहीं. जोंधळा निघाला म्हणजे ती मोकळ्या जागेंत पसरते, आणि खोल गेलेल्या मुळांच्या जोरावर पाऊस संपल्यानंतरच्या ओलीवर शेंगा धरते. एवढें कारण शेतकऱ्याला माहीत होतें, आणि तेवढें पुरेसेंहि होतें. पण तुरीच्या मुळांचा आणखी एक गुण आहे.

पिकाला नत्राप्रमाणेंच स्फुरद लागतो. स्फुरद जमिनींत असतो, परंतु असून नसल्यासारखा. चुनखडीच्या काळ्या जमिनींत तो चुन्याशीं, आणि तांबड्या जमिनींत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशीं जखडलेला असतो. खतांतून घातलेल्या स्फुरदाचीहि पुष्कळशी तीच गत होते. पहिल्या वर्षीं पिकाच्या पदरांत बहुधा त्याचा चौथा हिस्साहि पडत नाहीं. घरांत धान्याचें कोठार भरलेलें असावें आणि किल्ली हरवलेली असावी, अशी ही अवस्था आहे.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथें कोरडवाहू पिकांच्या संशोधनाची 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तेथें काम करणाऱ्या जपानी व इतर शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. स्फुरदाचें खत न घातलेल्या तांबड्या मातींत जोंधळा, मका यांसारखीं तुलनेसाठीं घेतलेलीं पिकें खुंटत असतां तूर मात्र आपला निर्वाह करून घेत होती. तिच्या मुळांचा पाझर तपासतां त्यांत पिसिडिक अम्ल व त्याच्याच जातीचें आणखी एक द्रव्य मिळालें. हीं द्रव्यें लोहाला घट्ट धरतात. लोह त्यांच्या मिठींत गेलें म्हणजे त्याच्या हातांतला स्फुरद सुटतो व मुळाला तो पितां येतो. कोठाराची किल्ली तुरीच्या मुळाशीं होती, ती अशी.

संशोधकांनीं यापुढेंहि जाऊन असें प्रतिपादिलें कीं, तुरीनें याप्रमाणें चलनांत आणलेला स्फुरद तिच्या पालापाचोळ्यांतून व मुळांतून पुढच्या पिकालाहि कांहीं अंशीं उपयोगी पडतो. येथें आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडचा एक फार अर्थपूर्ण शब्द आठवतो. तो म्हणजे 'बेवड'. एका पिकानें जमिनीवर मागें ठेवलेला जो गुण किंवा अवगुण पुढच्या पिकाला भोंवतो, तो त्या पिकाचा बेवड. 'हरभऱ्याचा बेवड चांगला', 'अमुक पिकावर अमुक पीक घेऊं नये' असे निर्णय या एका शब्दाच्या आधारावर दिले जातात. पुष्कळ भाषांना ज्यासाठीं सबंध वाक्य खर्चावें लागेल, तें आपल्या कुणब्यानें तीन अक्षरांत बसविलें आहे. बेवडाचीं कारणें अनेक आहेत. ओल, नत्र, रोगकिडी, तण हीं सर्व त्यांत येतात; परंतु मुळांच्या पाझराचा त्यांत मोठा वांटा आहे हें आतां म्हणतां येतें. भारताला स्फुरदाच्या खतांचा कच्चा माल फार मोठ्या प्रमाणांत परदेशांतून आणावा लागतो. अशा देशांत तुरीच्या ओळीची किंमत केवळ वरणापुरती नाहीं.

हाक मित्राला, ऐकूं जाते शत्रूला

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणाला वाटेल कीं, मुळांचें देणें म्हणजे सर्वत्र सुखाचाच व्यवहार असावा. पण तसें नाहीं. याची दुसरी बाजू पाहण्यासाठीं जोंधळ्याच्याच शेतांत परत यावें लागतें.

हलक्या जमिनींतल्या जोंधळ्यांत टारफुला नांवाचें एक तण उगवतें. वीतभर उंचीचें, आपल्याकडे बहुधा पांढऱ्या फुलांचें हें रोप दिसावयाला निरुपद्रवी असतें. परंतु त्याचें मूळ जोंधळ्याच्या मुळांत रुतलेलें असतें व त्यांतून पाणी आणि अन्न चोरीत असतें. टारफुला जमिनीवर डोकें काढतो तेव्हां त्याच्या चोरीला कित्येक आठवडे होऊन गेलेले असतात. ओल असूनहि जोंधळा सुकल्यासारखा कां दिसतो, याचा उलगडा शेतकऱ्याला होतो तो नुकसान झाल्यावर. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत याच कुळांतील जांभळ्या फुलांची जात जोंधळा, बाजरी व मका यांवर पडते आणि गरीब शेतकऱ्यांच्या तोंडचा घांस हिरावून घेते. इंग्रजींत या तणाला 'चेटकिणीचें तण' अशा अर्थाचें नांव आहे, तें उगीच नव्हे.

टारफुल्याचें बीं धुळीच्या कणाएवढें असतें आणि एका झाडाला तीं हजारोंनीं येतात. एवढ्याशा बियांत शिधा तो किती असणार? रुजल्यावर थोड्या दिवसांत यजमानाचें मूळ सांपडलें नाहीं तर कोंब मरून जातो. म्हणून बीं वर्षानुवर्षें स्वस्थ पडून राहतें आणि जिवंत मूळ अगदीं जवळ, कांहीं मिलिमीटरांवर, आल्याची खूण मिळाली म्हणजेच रुजतें. ही खूण कोणती?

१९५६ सालीं अमेरिकेंत कॅरोलिना प्रांतांतील मक्याच्या शेतांत हें तण आढळलें, आणि तेथील सरकार खडबडून जागें झालें. त्यानंतरच्या संशोधनांत १९६६ सालीं, कापसाच्या मुळांच्या पाझरांतून तें खुणेचें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. तणाच्या लॅटिन नांवावरून त्याला 'स्ट्रायगॉल' म्हणतात. गंमत अशी कीं, कापसावर हें तण वाढतच नाहीं! कापसाच्या हाकेनें बीं रुजतें आणि आधार न मिळाल्यानें मरतें. म्हणूनच टारफुल्याच्या शेतांत फेरपालटीला कापूस घेतला तर तो सापळ्याचें काम करतो.

पण मोठें कोडें पुढेंच होतें. आपल्याच वैऱ्याला जागें करणारें द्रव्य मुळानें मुळीं सोडावेंच कां? निसर्गांत इतका खुळेपणा टिकून राहत नाहीं. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. जपानांतील ओसाका येथें कोहकी आकियामा व त्यांचे सहकारी वेगळ्याच विषयाचा अभ्यास करीत होते. बहुतेक जमिनीवरील वनस्पतींच्या मुळांत एका प्रकारची उपकारक बुरशी वस्तीला असते. तिचे तंतु मुळांच्या आवाक्याबाहेरच्या मातींत दूरवर पसरून झाडाला स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यांत अन्न घेतात. ही भागीदारी चाळीस कोटि वर्षांपूर्वींच्या जीवाश्मांतहि आढळते. मुळाच्या जवळ येतांच या बुरशीच्या तंतूला एकाएकीं भराभर फांद्या फुटतात. त्या कशानें फुटतात, याचा शोध घेतां घेतां २००५ सालीं जें द्रव्य हातीं आलें, तें स्ट्रायगॉलच्याच कुळांतलें निघालें.

हाक मित्रासाठीं होती. चोरानें ती ऐकण्याची कला पुढें साधली, इतकेंच. १९६६ पासून चोराची खूण म्हणून जें द्रव्य प्रसिद्ध झालें होतें, तें वस्तुतः दारावरचें आमंत्रण होतें. २००८ सालीं आणखी असें दिसून आलें कीं, हीं द्रव्यें झाडाच्या स्वतःच्या शरीरांतहि कामाचीं आहेत. खोडाला किती फांद्या फुटूं द्यावयाच्या याचें नियमन तीं करतात. तेव्हां हीं द्रव्यें करणेंच सोडून द्यावें, असा सोपा मार्ग झाडाला उरलेला नाहीं.

गरीब जमिनीची मोठी हाक

या प्रकरणांतील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. जमिनींत स्फुरद मुबलक असला तर अनेक पिकें हीं द्रव्यें फार थोडीं सोडतात. बुरशीची त्यांना तितकी गरज नसते. जमीन निकस असली तर तीं अधिक सोडतात. म्हणजे जेथें गरज मोठी तेथें हाक मोठी, आणि जेथें हाक मोठी तेथेंच चोरालाहि ती स्पष्ट ऐकूं येते. टारफुल्याचा उपद्रव नेमका हलक्या, खतावांचून राहिलेल्या जमिनींत आणि म्हणून नेमका गरीब कुटुंबांच्या शेतांत अधिक कां, याचें एक मोठें कारण यांत आहे. निकस जमिनीचा धनी जें थोडेंबहुत पिकवतो, त्यावरच दुसऱ्याचा हात पडतो.

यावर खत हा एक उपाय खरा. परंतु ज्याला खत परवडत नाहीं त्याची तर ही गोष्ट आहे. शिवाय स्फुरदाची रेलचेल झाली म्हणजे मूळ बुरशीची भागीदारीहि कमी करतें. म्हणून संशोधकांनीं दुसरे दोन मार्ग शोधले, आणि दोन्ही मुळांच्या बोलीचेंच मर्म ओळखून निघालेले आहेत.

पहिला मार्ग जोंधळ्याची हाक बदलण्याचा. मूळचे इथिओपियाचे आणि अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत काम करणारे गेबिसा एजेटा यांनीं टारफुल्याला दाद न देणारे जोंधळ्याचे वाण निपजविले. त्याबद्दल २००९ सालीं त्यांना जागतिक अन्न-पारितोषिक मिळालें. अशा कांहीं वाणांचें रहस्य २०१७ सालीं उकललें. त्यांच्या एका जनुकांत फरक पडल्यामुळें त्यांच्या पाझरांतील मुख्य द्रव्यच बदलतें. त्याच कुळांतलें ओरोबँकॉल हें द्रव्य त्यांच्याकडून अधिक येतें. बुरशीला बोलावण्यास ओरोबँकॉल समर्थ आहे, टारफुल्याला मात्र तें जागें करण्यास फारसें पुरत नाहीं. हाक तीच, पण उच्चार असा केला कीं चोराला कळूं नये!

दुसरा मार्ग शेजार बदलण्याचा. केनियांत झियाउर खान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मक्याच्या ओळींमध्यें डेस्मोडियम नांवाची शेंगा धरणारी चाऱ्याची वनस्पति लावण्याची पद्धति बसविली. डेस्मोडियमच्या मुळांचा पाझर तणाचें बीं रुजवतो आणि त्याच वेळीं त्याच्या कोंबाला मक्याच्या मुळापर्यंत वाढूं देत नाहीं. शिवाय गुरांना चारा मिळतो आणि जमिनीला नत्र मिळतो. दोन पिकें एका शेतांत घेण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीची ही आफ्रिकेंतील बहीणच म्हणावयाची. फरक इतकाच कीं, येथें शेजारीण निवडली ती तिच्या मुळांची परीक्षा घेऊन.

दृष्टीआडची सृष्टि

आजवर पिकाची पारख आपण वरूनच करीत आलों. कणीस किती भरलें, दाणा किती टपोरा, ताट किती उंच, हें पाहून बियाणें निवडलें. मूळ काय देतें, कोणाला बोलावतें आणि कोणाला दूर ठेवतें, हें निवडीच्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. विचारावयाचें साधनहि नव्हतें. आतां तें साधन हातीं येत आहे. एखाद्या जुन्या, कमी उतारा देणाऱ्या गांवठी वाणाच्या मुळांत तुरीसारखी एखादी किल्ली किंवा जोंधळ्यासारखा एखादा गुप्त उच्चार असूं शकेल. तो वाण शेतांतून गेला म्हणजे त्याबरोबर तीहि जाईल, आणि गेली हें कळणारहि नाहीं. म्हणून अशा वाणांचें बीं राखून ठेवणें ही हौस नसून दूरदृष्टि आहे.

आणखी एक विचार या अभ्यासांतून सुचतो. मूळ देतें तें दान नव्हे. आणि उधळपट्टीहि नव्हे. मिळकतीचा एक हिस्सा तें घराबाहेर टाकतें, तो परत येईलच अशी हमी नसते; कधीं तोच हिस्सा चोराला वाट दाखवतो. तरीहि चाळीस कोटि वर्षांत वनस्पतींनीं हा खर्च बंद केलेला नाहीं, कारण ज्या मुळानें कांहींच बाहेर दिलें नाहीं त्याला स्फुरद आणून देणारें कोणी भेटणार नाहीं. हात आंखडता घेऊन शेजाराविना राहण्यापेक्षां, चोराचा धोका पत्करूनहि दार उघडें ठेवणें वनस्पतिसृष्टीला परवडलें आहे. तें दार सुरक्षित करण्याचें काम मात्र तिच्यावर पोट भरणाऱ्या आपणां माणसांना करतां येण्यासारखें आहे. आणि पुढच्या पेरणीला कोणतें पीक कोणाच्या शेजारीं पेरावयाचें, या साध्या प्रश्नापासून त्याचा आरंभ होतो.